पहिली-दुसरीच्या मुलांना पाठांतराशिवाय नाट्यकौशल्ये कशी शिकवावीत?

सुरुवात ‘आरसा’ या खेळाने करावी: दोन मुले समोरासमोर उभी राहतात, एक संथ हालचाली करते, दुसरे त्याचे प्रतिबिंब होते, आणि शिक्षकांनी टाळी वाजवली की भूमिका बदलतात. या वयात संवाद पाठ करायला लावले, तर मुलाचे सारे लक्ष पुढचे वाक्य आठवण्यात गुंतते आणि ते समोरच्याकडे पाहतच नाही. आरशाच्या खेळात मात्र पाहिल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही, आणि सहकलाकाराकडे लक्ष देणे हा तर अभिनयाचा पाया आहे. या पद्धतीमागे अमेरिकेतील नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांचे काम आहे. त्यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोमध्ये स्थलांतरित कुटुंबांतील मुलांसोबत असे नाट्यखेळ विकसित केले. आरसा जमू लागला की मुलांना गोलात बसवून एक अदृश्य वस्तू (कढत चहाचा कप किंवा, मुलांना फारच आवडणारे, भिजलेले मांजराचे पिल्लू) हातोहात फिरवायला द्यावी, म्हणजे वजन, आकार आणि स्पर्श शब्दांविना दाखवण्याची सवय लागते. मात्र चुकलेल्या मुलाला ‘बाद’ करण्याचा नियम कोणत्याही खेळात ठेवू नये, कारण त्यामुळे बहुधा लाजरी मुलेच आधी बाहेर पडतात आणि सराव नेमका त्यांचाच राहून जातो.