अल्ट्रासोनिकमध्ये कार्ब काळा का पडला?

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या स्कूटरचा अ‍ॅलॉयचा (मिश्रधातूचा) कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर, तीन लिटरच्या अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे उठवून भाग धुणारं मशीन) टाकला, ७० अंशांच्या पाण्यात धुण्याचा सोडा घातला, अर्धा तास मशीन चालवलं आणि तो चकचकीत निघायच्या ऐवजी काळपट राखाडी झाला. आता मशीनच बदलायला निघून राहिले तुम्ही. थांबा, मशीन चांगलं आहे. सोडा, उष्णता आणि वेळ, तिघांनी मिळून धातू खाल्ला.

घरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आठवा. तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकायची राहिली, की पाण्याच्या रेषेपर्यंत आतून काळा. तिथे तर सोडाही नसतो, नुसतं जड पाणी तापल्यावर थोडं अल्कधर्मी होतं, तेवढंच पुरतं. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचं पातळ कवच असतं. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप, ७ म्हणजे मधोमध) साधारण ४ ते ८.५ असेल तोवर ते टिकतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी ११ च्या आसपास जातं. मग कवच विरघळतं, त्याखालचा धातूही, पण ओतीव अ‍ॅलॉयमधलं सिलिकॉन आणि तांबं मागे राहतं. डायकास्टिंगच्या (साच्यात दाबाने ओतलेल्या) मालात सिलिकॉनच दहा टक्क्यांच्या आसपास असतं. तीच ही काजळी. बोट फिरवून बघा, बोट काळं होईल.

मीही हेच करून बसलोय. गिऱ्हाइकाचं क्लच कव्हर एका जहाल डिग्रीजरमध्ये (ग्रीस काढायच्या लिक्विडमध्ये) टाकलं आणि चहाला गेलो. परत आलो तर टायमर संपलेला, मशीन गप्प, तरी कव्हरवरून बारीक बुडबुडे उठतच होते. मशीनचे बुडबुडे मशीनबरोबर थांबतात. हा हायड्रोजन होता, धातू विरघळताना निघणारा. त्या दिवसापासून कोणतंही नवं लिक्विड असलं की आधी भंगारातला तुकडा मशीन न लावता त्यात दहा मिनिटं ठेवतो. बुडबुडे दिसले की ते लिक्विड लोखंडासाठी.

आता माझी पद्धत. पितळी जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं असलेले तुकडे), फ्लोट (आतला तरंगणारा भाग), रबर, स्टीलचे स्क्रू सगळं काढायचं. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात चिकटून राहिले की तिथेच डाग धरतो. वरचं चिकट ग्रीस आधी केरोसीन आणि ब्रशने बाहेरच उतरवायचं. (टाकीत पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही, वाफ पेट घेते.) मग आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी आणि पीएच ७-८ चं न्यूट्रल लिक्विड. आपल्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्या मे संपेपर्यंत कशा पांढऱ्याफटक होतात ते माहीतच आहे, तोच क्षार पार्टवर बसतो. भाग टाकण्याआधी पाच मिनिटं मशीन नुसत्या पाणी-लिक्विडवर चालवा, म्हणजे पाण्यातली हवा निघून जाते. तापमान ४५-५० अंश. उन्हाळ्यात हीटर लावतच नाही मी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी गरमच येतं आणि मशीन चालता चालता पाणी स्वतःही तापवतं. भाग जाळीत, तळाला न टेकवता. तीन मिनिटं चालवा, काढून बघा, लागलं तर आणखी तीन. सलग अर्धा तास नाही. पॉलिश केलेल्या किंवा अ‍ॅनोडाइज केलेल्या (विजेने ऑक्साइडचा थर चढवलेल्या) भागाला तर त्याहून कमी.

काढल्यावर लिक्विड अंगावर वाळू द्यायचं नाही. लगेच स्वच्छ पाण्यातून दोनदा खळखळून काढा आणि हवा मारून कोरडा करा. अर्धे डाग इथेच पडतात, आणि नाव मशीनचं होतं.

तुमच्या कार्बचं काय? आधी हातात तोलून बघा. अनेक कार्ब जस्ताचे असतात आणि जस्त अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास अडीचपट जड. जस्त असेल तर पुढचा उपाय करू नका, आम्ल ते झपाट्याने खातं. अ‍ॅल्युमिनियमच असेल तर किराण्यातलं लिंबूसत्व लिटरला २०-३० ग्रॅम, कोमट पाण्यात पाच मिनिटं, जुना टूथब्रश, मग भरपूर पाणी. संडास साफ करायचं अ‍ॅसिड नको, त्यातलं क्लोराइड खड्डे पाडतं. रंग बराच उजळेल, पण कारखान्यातून निघाला तसा होणार नाही. सिलिकॉनची काजळी लिंबूसत्वात विरघळत नाही, ती ब्रशनेच निघते. ग्लास बीड (हवेच्या दाबाने काचेचे बारीक मणी) मारून घ्या असं कोणी सांगेल, पण आतल्या बारीक भोकांत मणी अडकला तर शोधत बसाल.

आणि बाहेरचा काळेपणा राहू द्या, आधी फ्लोट बाऊलची (पेट्रोल साठणाऱ्या खालच्या वाटीची) गास्केट बसते ती कड बघा. ती खरबरीत झाली असेल तर पेट्रोल तिथूनच गळेल.