गुणसूत्र, रंगसूत्र आणि केंद्रकातला तथाकथित गुंता

प्रश्न असा आहे की पेशीबद्दल एका ठिकाणी "केंद्रकात रंगसूत्रांचं जाळं असतं" असं वाचलं, दुसरीकडे "केंद्रकात गुणसूत्रं असतात" आणि तिसरीकडे "केंद्रकात डीएनए असतो", मग हे तिन्ही एकच का? आणि सूत्र म्हणजे जर दोरा, तर एवढे दोरे एवढ्याशा जागेत कोंबल्यावर आत नुसता गुंता होत नाही का?

तिन्ही एकच नाहीत. डीएनए हा रेणू. तो केंद्रकात उघडावाघडा पडलेला नसतो, प्रोटीनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि ह्या डीएनए अधिक प्रोटीन अशा मिश्रणाला क्रोमॅटिन म्हणतात. ह्या क्रोमॅटिनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाणारा एक धागा म्हणजे एक गुणसूत्र, इंग्रजीत क्रोमोसोम. माणसाच्या नेहमीच्या पेशीत असे 46 वेगवेगळे धागे असतात, एकमेकांना न जोडलेले. म्हणजे भाषेच्या अंगाने बघितलं तर गुणसूत्र हा नग मोजायचा शब्द आहे आणि क्रोमॅटिन हा मालाचा. "किती गुणसूत्रं" असं विचारता येतं, "किती क्रोमॅटिनं" असं कोणी विचारत नाही.

आता घोळ रंगसूत्र ह्या शब्दाने होतो. काही जण तो सरळ क्रोमोसोमसाठी वापरतात (गुजरातीत तर तोच रूढ आहे), आणि काही पुस्तकांत तो क्रोमॅटिनसाठी येतो. क्रोमोसोमसाठी म्हणून तो मुळाला जास्त जवळचा आहे, कारण 1888 मध्ये वाल्डेयर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने क्रोमोसोम हा शब्द काढला तो ग्रीक क्रोमा म्हणजे रंग आणि सोमा म्हणजे शरीर ह्यांच्यापासून. पण हा रंग गुणसूत्रांचा स्वतःचा नाही बरं का, एरवी पेशीत ती बिनरंगीच दिसतात. डीएनएवर ऋण भार असतो त्यामुळे काही रंगद्रव्यं त्याला घट्ट चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बाकी पेशी फिकी न् तेवढाच भाग गडद दिसतो. वाल्टर फ्लेमिंग ह्या जर्मन जीवशास्त्रज्ञाने 1880 च्या आसपास सॅलॅमँडरच्या (पालीसारखा दिसणारा एक उभयचर) पिल्लांच्या पेशी अशाच रंगवून बघितल्या, त्या रंग धरणाऱ्या मालाला क्रोमॅटिन हे नाव त्यानेच दिलं आणि पेशी विभागताना त्यातून धागे दिसायला लागतात म्हणून त्या विभाजनाला ग्रीक मितोस म्हणजे धागा ह्यावरून मायटोसिस म्हटलं. आपल्याकडचं "सूत्री विभाजन" हे त्याचं अगदी चपखल मराठी आहे, कोणी केलं असेल त्याला माझा नमस्कार.

रंगसूत्रची एक अडचण म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की ही कातडीचा नाहीतर डोळ्यांचा रंग ठरवणारी सूत्रं. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. "रंगसूत्रांचं पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांत रूपांतर होतं" अशा अर्थाचं वाक्य वाचलं की वाटतं एक वस्तू जाऊन दुसरीच आली. तसं काही होत नाही. तेच 46 धागे विभाजनाआधीही असतात, विभाजनातही असतात, नंतरही असतात, फक्त एरवी ते सैल पसरलेले असतात म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगवेगळे ओळखू येत नाहीत आणि विभाजनाच्या वेळी घट्ट आवळले जातात म्हणून सुटे दिसतात. आणि चित्रात जो इंग्रजी एक्ससारखा आकार असतो तो तर त्याहून थोड्या वेळेचा, डीएनएची नक्कल होऊन दोन सारख्या प्रती गुणसूत्रबिंदूपाशी चिकटलेल्या असतात तेव्हाचा. आपल्या बहुतेक पेशी बहुतेक वेळ विभागत नसतात, म्हणजे जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात आहे ते गुणसूत्राचं नेहमीचं रूपच नाही! म्हणून मी तरी नगासाठी गुणसूत्र आणि मालासाठी सरळ क्रोमॅटिन म्हणतो, रंगसूत्र बाजूला ठेवतो.

आता गुंत्याचं. तुमची शंका रास्त आहे कारण आकडेच तसे आहेत. एका पेशीतल्या डीएनएमध्ये साधारण 640 कोटी बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्याच म्हणा), दोन जोड्यांमधलं अंतर 0.34 नॅनोमीटर, गुणाकार केला की 2 मीटरच्या थोडं वर जातं. आणि केंद्रक केवढं, तर जेमतेम 6 ते 10 मायक्रोमीटर, म्हणजे मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढं किंवा त्याहूनही लहान. एकट्या 1 क्रमांकाच्या गुणसूत्राचा डीएनए ताणला तर साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास भरेल.

पहिली पायरी गुंडाळण्याची. हिस्टोन नावाची प्रोटीनं असतात, चार प्रकारची, प्रत्येकी दोन असे आठ रेणू एकत्र येऊन एक गट्टू होतो आणि त्याभोवती डीएनए साधारण पावणेदोन वळसे घेतो, त्यात 147 बेसजोड्या जातात. मग थोडा मोकळा डीएनए, मग पुढचा गट्टू. ह्याला न्यूक्लिओसोम म्हणतात आणि एका केंद्रकात ते सुमारे 3 कोटी असतात. 1970 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा बघणाऱ्यांना दोऱ्यात ओवलेले मणी आठवले आणि ती उपमा कायमची चिकटली. उपमा अर्धवट आहे कारण मण्यात दोरा आतून जातो, इथे बाहेरून वळसा घेतो. हिस्टोनवर धन भार आणि डीएनएवर ऋण, त्यामुळे त्यांचं सूत आपोआप जुळतं.

ह्याच्या पुढची पायरी म्हणून पुस्तकांत 30 नॅनोमीटर जाडीचा एक पीळदार दोर दाखवतात, मग त्याचा जाड दोर, मग त्याहून जाड, अशी सुबक चढती भाजणी. ती आता बरीच डळमळीत झालीय. परीक्षानळीत तसा दोर बनतो पण जिवंत पेशीत बघायला गेलं तर बऱ्याच अभ्यासकांना तो सापडलाच नाही, तिथे न्यूक्लिओसोमची साखळी कमी-जास्त दाटीने वेडीवाकडी पसरलेली दिसते. म्हणजे सुतासारखं सरळ असं आत काही नाही.

तरी गुंता नाही, आणि मला ह्या सगळ्यात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. थिओडोर बोव्हेरी ह्या जर्मन जीवशास्त्रज्ञाने 1909 मध्येच म्हटलं होतं की विभाजन संपल्यावरही प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात आपापला स्वतंत्र भाग धरून राहतं. नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले, त्यात तसं काही दिसेना आणि लोकांनी ती कल्पना जवळजवळ सोडून दिली. मग 1970 च्या दशकाच्या शेवटापासून जर्मनीत थॉमस आणि ख्रिस्तोफ क्रेमर ह्या भावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण डोकेबाज युक्ती केली, केंद्रकाच्या एका बारीकशा ठिपक्यावर अतिनील लेझर मारून तेवढ्याच जागेतल्या डीएनएला इजा करायची आणि मग पेशी विभागायला आली की इजा किती गुणसूत्रांवर झालीय ते मोजायचं. सगळे धागे एकमेकांत मिसळलेले असते तर एका ठिपक्याची इजा जवळजवळ सगळ्या गुणसूत्रांवर थोडी थोडी सापडली असती. सापडली मोजक्याच गुणसूत्रांवर. पुढे प्रत्येक गुणसूत्राला वेगळ्या चमकत्या रंगाने रंगवायचं तंत्र आलं तेव्हा तर डोळ्यांनीच दिसलं, प्रत्येकाचा आपला वेगळा ढग, कडेला थोडी सरमिसळ. ह्याला इंग्रजीत टेरिटरी म्हणतात, मराठीत कोणी प्रदेश म्हणतं पण मला इलाखा जास्त आवडतो, कारण त्यात कोणाच्या तरी ताब्यातला भाग हा अर्थ आपोआप येतो.

हे इलाखे वाटेल तिथे नसतात. 18 आणि 19 क्रमांकाची गुणसूत्रं आकाराने जवळपास सारखी, पण 19 वर जनुकांची दाटी आणि 18 वर विरळ वस्ती. अनेक पेशींत 19 केंद्रकाच्या मधल्या भागात आणि 18 कडेला आवरणाजवळ सापडतं. आवरणाच्या आतून लॅमिन प्रोटीनांचं एक अस्तर असतं, त्याला चिकटलेला भाग बहुधा घट्ट आवळलेला आणि तिथली जनुकं बहुधा गप्प. सैल आणि घट्ट अशा दोन प्रकारच्या क्रोमॅटिनचा फरक 1928 मध्ये एमिल हाइट्झ ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मॉस प्रकारच्या वनस्पतींच्या पेशी बघून सांगितला, घट्ट ते हेटेरोक्रोमॅटिन, सैल ते युक्रोमॅटिन. ह्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे स्त्रियांच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक जवळजवळ पूर्ण आवळून कडेला बसवलेलं असतं, त्याला बार बॉडी म्हणतात.

आणि एकाच धाग्याच्या आतही फासे म्हणजे वेटोळी असतात. कोहेसिन नावाचं प्रोटीनचं कडं डीएनएला धरतं आणि त्याचा फासा ओढत ओढत मोठा करत जातं, वाटेत सीटीसीएफ हे प्रोटीन योग्य दिशेला तोंड करून बसलेलं असलं की थांबतं. त्यामुळे धाग्यावर लाखो बेसजोड्या लांब असलेलं जनुक आणि त्याला चालू करणारा तुकडा प्रत्यक्षात शेजारी येतात. कोण कोणाच्या शेजारी आहे हे अख्ख्या जीनोमभर, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएभर, मोजायची हाय-सी ही पद्धत 2009 मध्ये आली, त्यात शेजारचे तुकडे रसायनाने चिकटवून, कापून, जोडून मग वाचतात.

म्हणून "डीएनएचं जाळं" असं लिहू नये असं माझं मत. जाळं म्हटलं की गाठी आल्या, धागे एकमेकांना बांधलेले आले, आणि इथे 46 चे 46 धागे सुटे. "केंद्रकात क्रोमॅटिन पसरलेलं असतं" एवढं पुरे. "डीएनए केंद्रकात असतो" हेही ठीक, फक्त थोडा मायटोकॉन्ड्रियातही (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) असतो, 16,569 बेसजोड्यांचा गोल तुकडा, तो हिस्टोनवर गुंडाळलेला नसतो.

ह्या शब्दांच्या लिंगाचं विचारलं नव्हतं पण सांगतो. गुणसूत्र आणि जनुक नपुंसकलिंगी, ते गुणसूत्र, ती गुणसूत्रं. डीएनए बहुतेक जण पुल्लिंगी धरतात, बहुधा रेणू पुल्लिंगी म्हणून. "त्याचे डीएनए जुळले" असं अनेकवचन बातम्यांत दिसतं तिथे "डीएनए जुळला" हवं. आणि अर्धगुणसूत्री विभाजन (अंडपेशी, शुक्रपेशी तयार होतानाचं) ह्यात अर्धी होते ती गुणसूत्रांची संख्या, 46 वरून 23, अर्ध अर्ध गुणसूत्र नव्हे, हा गैरसमज सामासिक शब्द पटकन वाचल्यामुळे होतो.