बुद्ध्यांक 94, शिल्लक 60 हजार

पत्र : आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मिस्टर अंबड एमआयडीसीत कंत्राटावर सुपरवायझर आहेत. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून हातात 27 हजारच येतात. मार्चनंतर कंत्राट वाढेल की नाही, कोणी सांगत नाही. घराचा हप्ता 9,500, बाकी खर्च 14 हजार, शिल्लक 60 हजार. मुलगा सातवीत, अनुदानित शाळेत, सेमी-इंग्रजीला. एका क्लासने हॉलमध्ये चाळीस मुलांची मोफत बुद्ध्यांक चाचणी घेतली, मोबाइलवर, इंग्रजीतून, अर्ध्या तासाची. याला 94 आले. ‘आत्ताच फाउंडेशन (पुढच्या प्रवेश परीक्षांची आगाऊ तयारी) लावा, नाहीतर मागे पडेल’ म्हणाले. फी 90 हजार, बिनव्याजी 12 हप्ते. मुलगा विचारतो, ‘आई, मी ढ आहे का?’ सोनं मोडू का? हुशार निघाला नाही तर तोही कंत्राटावरच राहील, या विचाराने झोप लागत नाही.

ताई,

आधी मुलाचं. ‘नाही, तू ढ नाहीस,’ असं त्याला आजच सांगा. समजूत म्हणून नाही, ते खरंच आहे म्हणून. बुद्ध्यांकाची सरासरी 100 धरतात आणि शंभरातली साधारण 68 मुलं 85 ते 115 मध्ये बसतात. एकेका मुलाला समोर बसवून तास-दीड तास घेतलेल्या चांगल्या चाचणीतसुद्धा पाचेक गुण इकडेतिकडे होणार हे गृहीत असतं, म्हणून नीट अहवालात आकड्यासोबत ‘अमुक ते तमुक’ अशी कक्षा लिहिलेली असते. तुम्हाला मिळालेल्या कागदावर ती आहे का? चाचणीचं नाव, तिची मानकं कोणत्या मुलांवर आणि कधी ठरवली, कोणत्या भागात किती गुण? हे नसेल तर त्या 94 चा काहीच अर्थ लावता येत नाही. सेमीच्या मुलाचा इंग्रजी प्रश्न वाचण्यातच वेळ गेला, तर तो वेळ त्याच्या बुद्धीतून वजा होतो.

आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत कोणाला जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. पुढे कोण कुठवर जाईल हे सांगण्यासाठी नव्हे.

तुमच्या घराशी जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर चाचणी घेतली. माणसं तीच, हातात पैसा आल्यावर गुण वाढले. ती मोठी माणसं होती, मुलांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण हप्त्याच्या काळजीत तुम्ही आज जो निर्णय घेऊ पाहताय, त्याला तो लागू पडू शकतो.

आता हिशोब. 27,000 मधून 23,500 गेले की उरतात 3,500. क्लासचा हप्ता 7,500. म्हणजे दरमहा 4,000 ची तूट, वर्षात 48,000. शिल्लक जवळजवळ संपली. आणि मार्चमध्ये कंत्राट गेलं तर? ‘बिनव्याजी’ हप्ता बहुतेकदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं: क्लासला पैसे आधी मिळतात, मुलाने क्लास सोडला तरी हप्ते तुमच्याच माथी. म्हणून सोनं मोडू नका, फॉर्मवर सही करू नका. तीन महिन्यांच्या खर्चाला 70,500 लागतात, तुम्हाला 10,500 कमी आहेत. दरमहाचे 3,500 बाजूला टाकले तर तीन महिन्यांत ते भरतात. मार्चच्या आधी एवढं झालं तरी झोप थोडी परत येईल. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घ्यायचंच नाही, हेही क्लासवाल्यांना विचारा.

त्याऐवजी एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, शाळेतूनच अर्ज. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, तुमचं 3 लाख 24 हजार होतं. सातवीत 55 टक्के लागतात, म्हणून यंदाची वार्षिक परीक्षा महत्त्वाची. एनएमएमएसमध्ये मानसिक क्षमतेचा 90 प्रश्नांचा पेपर असतो: संख्यामालिका, आकृत्या, सहसंबंध. म्हणजे बुद्ध्यांक चाचणीत येतात तसलेच प्रश्न, आणि सरावाने त्यांत गुण वाढतात. रोज वीस मिनिटं, जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा.

वाचताना अक्षरं उलटीसुलटी होणं, तोंडी येतं पण लिहिता येत नाही, असं काही दिसत असेल तर मात्र वेगळी गोष्ट. मग आधी डोळे आणि कान तपासा, नंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडून मराठीतून चाचणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात आधी चौकशी करा. असं काही नसेल तर पुन्हा चाचणीची गरज नाही.

क्लासला आधार, पॅन किंवा ओटीपी दिला असेल तर उद्याच कर्जाचा अर्ज रद्द करायला लेखी सांगा, पोच घ्या आणि बँकेत जाऊन खात्यावर आपोआप हप्ता कापण्याची परवानगी नोंदली गेली नाही ना, ते बघा.