दात पुढे आहेत म्हणून चार दात काढून तारा लावायला सांगितल्या आहेत. त्याने चेहरा बसतो का?

तुमचं वय २४, वरचे-खालचे दोन्हीकडचे दात पुढे, आणि डॉक्टरांनी चार दात काढायला सांगितलेत. दात काढल्यावर गाल बसतात, नाक मोठं दिसतं, चेहरा म्हातारा होतो असे व्हिडिओ पाहून तुम्ही अडून बसला आहात. मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. ही भीती घेऊन येणारं कुणी ना कुणी मला दर आठवड्याला भेटतंच, आणि ती अगदीच निराधार नाही. फक्त त्याचं खापर दात काढण्यावर फुटतं, ते बरोबर नाही.

साइड प्रोफाइल बदलतं ते पटाशीचे दात कुठे उभे आहेत त्यावरून. ओठांना आतून आधार त्यांचाच असतो. काढायचे दात असतात सुळ्यांच्या मागचे, म्हणजे उपदाढा. गालांचा भरीवपणा ठरतो गालाच्या हाडावर, चरबीवर आणि चावायच्या स्नायूवर. तारा लावल्यावर सुरुवातीला दात दुखतात, माणूस वरण-भात आणि खिचडीवर राहतो, वजन थोडं उतरतं आणि चेहरा उतरल्यासारखा दिसतो. खाणं पूर्ववत झालं की बहुतेकांचा चेहरा पुन्हा भरतो.

आता थोडं गणित बघा. एक उपदाढ साधारण ७ मिमी रुंद असते. म्हणजे प्रत्येक बाजूला ७ मिमी जागा मिळते. त्यातली काही जागा वाकडे, एकावर एक चढलेले दात सरळ करण्यात जाते, काही मागच्या दाढा पुढे सरकल्यामुळे जाते. उरलेल्या जागेत पुढचे दात मागे येतात. समजा ते ४ मिमी मागे आले, तर वरचा ओठ तेवढा येत नाही. ढोबळमानाने निम्मा ते दोन तृतीयांश, म्हणजे २ ते अडीच मिमी. खालचा ओठ दाताच्या मागे अधिक इमानाने जातो. ओठ जाड असेल तर फरक कमी, पातळ असेल तर जास्त. दाढांना हलू न देता सगळी जागा पुढच्या दातांसाठी वापरायची असेल तर हाडात छोटे स्क्रू बसवतात, तेव्हा बदल मोठा होतो. म्हणजे तेच चार दात काढून दोन माणसांचे चेहरे अगदी वेगळे दिसू शकतात. म्हणून ‘दात काढायचे का’ यापेक्षा ‘पुढचे दात किती मिलिमीटर मागे नेणार’ हे विचारा.

घरी एक गोष्ट करून बघा. आरशासमोर बसा, आवंढा गिळा आणि जबडा सैल सोडा. ओठांत १-२ मिमी फट राहिली तर ठीक. ४ मिमीहून जास्त राहत असेल, तर आता ओठ मिटा आणि हनुवटीकडे बघा. तिथली कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होते का? होत असेल तर ओठ मिटवायला हनुवटीचा स्नायू रोज राबतोय. अशा माणसांना दात मागे घेतल्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. ओठ आपोआप मिटतात, हनुवटी गुळगुळीत होते आणि आधीपेक्षा उठून दिसते. हनुवटीचं हाड तेवढंच असतं, ताण गेलेला असतो. आपल्याकडे वरचे-खालचे दोन्ही दात पुढे असणं खूप आढळतं, आणि तुमचं वर्णन त्यातलंच वाटतं.

खरी काळजी दुसऱ्या प्रकारात घ्यावी लागते. वरचे दात पुढे वाटतात, पण दोष असतो खालच्या जबड्याचा; तो लहान, हनुवटी आत. ओठ आधीच पातळ, नाक आणि वरचा ओठ यांच्यातला कोन आधीच मोठा. अशा चेहऱ्यात वरचे दात आत ओढून लहान जबड्याशी जुळवले तर दात छान बसतात, पण ओठ आत जातात आणि नाक पुढे दिसतं. व्हिडिओंमधले बरेचसे चेहरे मला या गटातले वाटतात. वयात येताना, साधारण ११ ते १३ वर्षांत, ट्विन ब्लॉकसारखं, खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण लावून जबड्याच्या वाढीचा फायदा घेता येतो. २४ व्या वर्षी ती वाढ संपलेली असते. तारा दात हलवतात. हनुवटी पुढे आणायची असेल तर जबड्याची शस्त्रक्रियाच लागते. ती नको असेल तर दात थोडे पुढे राहू देणं हाही सन्मान्य पर्याय आहे, आणि मी तो अनेकांना सुचवतो.

या वादाला शंभरहून अधिक वर्षं झाली. अमेरिकेतल्या दोन ऑर्थोडॉन्टिस्टपैकी एडवर्ड अँगल एकही दात काढू नये म्हणत, तर केल्विन केस काही चेहऱ्यांसाठी ते गरजेचं आहे म्हणत. १९११ मध्ये त्यावर जाहीर वाद झाला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी दात न काढता उपचार केलेल्या आपल्या १०० रुग्णांवर दात काढून पुन्हा उपचार केले, कारण पुढे आलेले ओठ त्यांना पटेनात.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा चेहऱ्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफॅलोग्राम, मागा आणि त्यांना तो समोर धरून समजवायला सांगा. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत रेष मारली तर ओठ तिच्या पुढे आहेत की मागे, हे तुम्हालाही दिसेल. पुस्तकात खालचा ओठ रेषेच्या सुमारे २ मिमी मागे असावा असं असतं. पण तो आकडा गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांवरून आला आहे. आपले ओठ थोडे भरलेले असतात आणि तसेच चांगले दिसतात, तेव्हा तेवढ्यावरून निर्णय होऊ देऊ नका. वयानुसार ओठ पातळ होतात, हेही लक्षात घ्या.

ओठ रेषेच्या बरेच पुढे असतील आणि मिटताना ताण येत असेल, तर निर्धास्त दात काढा. अगदी काठावरची केस असेल तर डॉक्टरांना विचारा की दात न काढता आधी तारा लावून काही महिन्यांनी चेहरा आणि एक्स-रे पुन्हा बघता येईल का. उपचार थोडा लांबतो, पण तोवर तुमच्या उपदाढा जागेवर असतात.