पेशंटचा तोल तपासायला नुकती सुरुवात केली आहे? आधी एवढंच बघा

तोल मोजायची सगळी स्केल एकदम पाठ करायला जाऊ नका. सुरुवातीला 'टाइम्ड अप अँड गो' (खुर्चीतून उठून, ३ मीटर चालून, वळून परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते) आणि बर्ग स्केल (उभं राहणं, वळणं अशा कामांना गुण देणारं) पुरे. पण स्टॉपवॉच हातात घेण्याआधी विचारा: गेल्या वर्षभरात कितीदा पडलात, कुठे, काय करताना? "पडलो नाही हो, नुसता तोल गेला" म्हणणारे बरेच भेटतील. तेही लिहून घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पेशंटच्या समोर उभं राहणं. कमजोर बाजूला, किंचित मागे थांबा. कमरेला पट्टा हवाच.
- नुसता आकडा लिहिणं. बर्गवर ५६ पैकी ४८ आले, ठीक. पण 'टाइम्ड अप अँड गो'त ३ मीटर चालून वळताना पाऊल घासलं, की गुडघा एकदम दुमडला? पहिल्यात घोट्याचे स्नायू बघा, दुसऱ्यात मांडीचे पुढचे. उपाय वेगळे असतात.
- एकदाच, तेही दमलेला नसताना तपासणं. मायस्थेनियात (वापरल्यावर स्नायू लवकर थकतात तो आजार) सकाळी ठणठणीत चालणारा संध्याकाळी लटपटू शकतो, म्हणून तपासणीची वेळ नोंदवा.

न्यूरोपॅथी (हातापायांच्या नसांचा आजार) असेल तर डोळे मिटून उभं करून बघाच, कोपऱ्यात, दोन्हीकडे भिंत असेल असं. वयस्कर लोकांसाठी ठरवलेले कटऑफ (पडण्याचा धोका ठरवणारे आकडे) अशा पेशंटना जसेच्या तसे लावू नका. बाकीची स्केल हात बसल्यावर.