आजोबांची पिकअप कित्येक वर्षं उभीच आहे, पुन्हा चालू करायला सुरुवात कुठून करू?

रंगापासून तर अजिबात नको. आधी गाडीखाली शिरा आणि चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. वरवरचा गंज घासून निघतो. टोक आत घुसलं तर वेल्डिंगचं काम आहे, बाकीचा खर्च ते झाल्यावरच.

लगेच चावी मारू नका. पेट्रोल गाडी आहे असं धरतो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या टोकाला पट्टा फिरवणारी चाकती) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाही; आणखी थोडं ऑइल, आणखी एक दिवस.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते पूर्ण बदला. रबरी होजही बघा. टायरची नक्षी फसवी असते, बाजूवरचा तारखेचा कोड वाचा: २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर सरळ काढून टाका.

गाडी चालू झाली की जागेवर पाच मिनिटं घुरघुरवत ठेवण्यापेक्षा अर्धा तास रस्त्यावर फिरवा. नाहीतर सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो.