अकरावीला इंटिग्रेटेड घेऊ की साधं कॉलेज? डिग्रीला अडचण येऊ नये म्हणून आत्तापासून काय करू?

तू विचारलंयस की दहावीला ९१ टक्के आहेत, मराठी माध्यम, सायन्स घ्यायचं नक्की आहे; मग इंटिग्रेटेडला (म्हणजे प्रवेश कॉलेजात, पण शिकवणं क्लासचं, दोन्हीची एकच फी) जाऊ की साध्या कॉलेजात जाऊन क्लास वेगळा लावू, गणित-बायो दोन्ही ठेवू का, आणि पुढे डिग्रीला गेल्यावर तोंडघशी पडू नये म्हणून या दोन वर्षांत काय करू.

साधं कॉलेज घे. जिथल्या प्रयोगशाळेचं कुलूप रोज उघडतं असं.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण मागच्याच आठवड्यात मामांच्या घरी याच विषयावर माझं भांडण झालंय आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. त्यामुळे जरा लांबण लागेल.

मी विट्याची. बाबांचे चार यंत्रमाग. २०१७ ला दहावी झाले, तुझ्यासारखेच नव्वदीच्या पुढे गुण. आमच्या घरात सायन्स, क्लास, प्रवेश यातलं कुणालाच काही कळत नव्हतं आणि पुण्याच्या मामांना सगळंच कळत होतं. मामा म्हणाले, "कॉलेज फक्त हॉल तिकिटापुरतं असतं. अभ्यास क्लासात होतो." बाबांनी दोन वर्षांचे पावणेदोन लाख भरले, त्यातले पन्नास हजार मामांनी दिले. हे पन्नास हजार लक्षात ठेव, ते पुढे दर लग्नात निघतात.

सकाळी सात ते दुपारी दोन क्लास, मग हॉस्टेल, मग डीपीपी म्हणजे रोजचा सरावसंच, मग रविवारी टेस्ट. कॉलेज नावाची इमारत तिथून दोन किलोमीटरवर होती. अकरावीच्या अख्ख्या वर्षात मी तिथे दोनदा गेले, एकदा कागदपत्रं द्यायला आणि एकदा आयकार्डच्या फोटोला. २०१८ ला, मी बारावीत गेले तेव्हा, शासनानं सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती आमच्यासारख्यांसाठीच. आमच्याकडे मशीन आलं, ऑफिसच्या दाराशी लागलं. मग आम्हाला आठवड्यातून दोनदा बसनं अंगठा लावायला नेत. अंगठा लावून परत क्लास. वर्गात कोण शिकवतंय, कुणी शिकवतंय का, हे बघायला आत कुणी गेलं नाही.

प्रॅक्टिकल जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात 'उरकलं'. एका जुन्या मुलीचं जर्नल, म्हणजे प्रयोगवही होती, त्याची झेरॉक्स सगळ्या हॉस्टेलभर फिरली. साठ जणींनी एकच रीडिंग्ज उतरवली. आलेखाचे बिंदू आधी रेष मारून मग रेषेवर मांडले, म्हणजे छान बसतात. परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक आले, चहा प्यायले, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत ओहमचा नियम विचारला. मला फिजिक्सच्या ३० पैकी २९ मिळाले. तो एक का कापला हे मला आजतागायत समजलेलं नाही, बहुधा खरं वाटावं म्हणून.

२०१९ ला सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर झाली. मला ९१ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले नऊ जण माझ्या पुढे. घरात सुतक. जे इंजिनिअरिंग कॉलेज मिळत होतं तिथली फी ऐकून बाबा गप्प झाले आणि मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, फिजिक्ससाठी. मामा महिनाभर बोलले नाहीत.

आता मुद्दा. पहिल्या वर्षाला दुसरा की तिसरा प्रयोग, टॉर्शनल पेंड्युलम. तारेला तबकडी टांगायची, पीळ देऊन सोडायची, वीस झोके मोजायचे, त्यावरून तारेचा दृढता गुणांक, म्हणजे ती पिळाला किती विरोध करते, ते काढायचं. सोपा प्रयोग आहे. मॅडमनी माझ्या हातात स्क्रू गेज, म्हणजे बारीक जाडी मोजायचं उपकरण दिलं आणि म्हणाल्या, तारेचा व्यास घे.

मी तो उलटा धरला.

मॅडमनी काही न बोलता सुलटा करून दिला. मी स्क्रू आवळला, मागचा रॅचेट (जास्त आवळू न देणारी टकटक वाजणारी मूठ) सोडून थेट मुख्य भागच आवळला, तार दबेपर्यंत. वाचलं, ०.५३ मिलिमीटर. मॅडम म्हणाल्या, "झिरो एरर?" म्हणजे गेज पूर्ण बंद असताना तो शून्याऐवजी जे दाखवतो ते. मी व्याख्या सांगितली. घडाघडा, इंग्रजीत, पॉझिटिव्ह कधी आणि निगेटिव्ह कधी यासकट. त्या म्हणाल्या, "व्याख्या नको. या गेजचा किती आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. खरंच सांगते. एररचं सूत्र असतं हे मला ठाऊक होतं, पण हातातल्या या लोखंडाच्या तुकड्याला स्वतःचा एक एरर आहे आणि तो मी बघायचा आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझी पार्टनर जत तालुक्यातली, गावच्या अनुदानित ज्युनियर कॉलेजातून आलेली, बारावीला माझ्यापेक्षा सत्तर गुण कमी. तिनं गेज माझ्या हातातून घेतला, तार काढली, रॅचेटनं टकटक वाजेपर्यंत बंद केला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "तीन. पॉझिटिव्ह. वजा कर." पाच सेकंद लागले असतील तिला.

०.०३ मिलिमीटर. तुला वाटेल, एवढ्यानं काय होतंय? तर त्या सूत्रात त्रिज्येचा चौथा घात आहे. ०.५० च्या जागी ०.५३ लिहिलं की सहा टक्क्यांची चूक, चौथ्या घातात जाऊन उत्तर एकवीस टक्क्यांनी खाली. पोलादाला साधारण ८ गुणिले १० चा दहावा घात यायला हवं, माझं ६.३ आलं असतं आणि मी दिवसभर स्टॉपवॉचला शिव्या देत बसले असते.

त्या रात्री रूमवर मी क्लासची जुनी शीट काढली. जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमात प्रायोगिक कौशल्यांचं वेगळं युनिट आहे, त्याची सुरुवातच व्हर्निअर कॅलिपर आणि स्क्रू गेजनं होते. त्यावरची पंचवीस गणितं मी सोडवली होती. एकात अगदी हेच होतं, लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०१ मिलिमीटर, झिरो एरर तीन विभाग, पॉझिटिव्ह, तारेचा खरा व्यास काढा. उत्तर बरोबर. शेजारी माझ्याच हातची बरोबरची खूण. पावणेदोन लाखांत मला स्क्रू गेजचं चित्र मिळालं होतं.

नंतरचं सगळं सेमिस्टर मी पाचनंतर लॅबमध्ये थांबायचे. आमचे लॅब असिस्टंट काका होते, त्यांनी मला गॅल्व्हानोमीटरचा (बारीक वीजप्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध कसा आणायचा इथपासून शिकवलं. दुसरं कोडं लिहिण्याचं. चार पर्याय समोर नसले की मला उत्तर सुचायचं नाही. डेरिव्हेशन, म्हणजे सूत्र पायरीपायरीनं सिद्ध करणं, लिहायला घेतलं की चौथ्या ओळीत पेन अडायचं, कारण क्लासात शेवटचं सूत्र तेवढं चौकटीत असायचं. पहिल्या सत्रात एका पेपरला काठावर पास झाले.

आता मी एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते, प्रॅक्टिकल्सही माझ्याकडेच. दर जानेवारीत इंटिग्रेटेडची बॅच येते, कोरीकरकरीत जर्नलं घेऊन, सगळ्यांचं रीडिंग दुसऱ्या दशांशापर्यंत एकच. आणि मी सह्या करते. तासिकेवरच्या माणसाला बाणा परवडत नाही. तेव्हा मी फार साळसूद आहे असं समजू नकोस.

तुझ्या कामाचं असं. राज्यभर अकरावीचे प्रवेश २०२५ पासून ऑनलाइनच आहेत, दहा पसंतीक्रम भरता येतात. भरण्याआधी त्यातल्या पहिल्या तीन-चार कॉलेजांत स्वतः जा. प्राचार्यांना नाही, गेटवर उभ्या असलेल्या बारावीच्या पोरांना विचार, शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं. लॅबच्या खिडकीतून आत बघ. मीटर ब्रिजवर (रोध मोजायच्या तारेच्या फळीवर) धूळ किती आहे त्यावरून कॉलेज कळतं, निकालाच्या फ्लेक्सवरून कळत नाही.

फिजिक्सचे ३०, केमिस्ट्रीचे ३० आणि गणिताचे २० गुण फुकटचे म्हणून मिळतात हे खरं आहे. पण प्रॅक्टिकल नुसतं तेवढ्या गुणांसाठी करू नकोस, शिकण्यासाठी कर. रीडिंग पेनानं, तिथल्या तिथे लिही आणि चुकलं तर खोडू नकोस, एक रेघ मार. आलेख वाकडा आला तर वाकडाच ठेव आणि का आला ते सरांना विचार. एवढं केलंस तर डिग्रीच्या पहिल्या वर्षी तुला माझ्यासारखं रडावं लागणार नाही.

बोर्डाचा पेपर गांभीर्यानं घे. इंजिनिअरिंगच्या मेरिटला बारावीचे गुण धरत नाहीत, पात्रतेपुरते ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के पुरतात, म्हणून सगळे बोर्डाला हसतात. पण कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून उत्तर लिहायची सवय लावणारी या दोन वर्षांतली ती एकच परीक्षा आहे, सीईटी नाही, जेईई नाही. विद्यापीठात रोज तेच करायचंय. मराठी माध्यमातून येतोयस तर बालभारतीची इंग्रजी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, सुट्टीत दहावीचंच विज्ञान इंग्रजीत मोठ्यानं वाच. विषय येत असतो, शब्द अडवतात. क्लास लावायचाच असेल तर संध्याकाळचा लाव. मराठी सोडून आयटी घेऊ का असं तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील: मी घेतलं होतं, गुण भरपूर मिळाले, आज त्यातलं काहीही आठवत नाही.

तर मामा. त्यांच्या धाकट्यानं यंदा दहावी केली. मी पेढे घेऊन गेले, सोबत एक स्क्रू गेजही नेला, पाचशेच्या आसपास मिळतो. पोरगं खूश, त्यानं घरातल्या सगळ्या वस्तू मोजल्या, मामींच्या बांगडीसकट. मामांनी विचारलं, "हे परीक्षेला येतं का?" मी म्हटलं, येतं की, जेईईत एखादा प्रश्न असतो. ते म्हणाले, "एकासाठी एवढा वेळ? सूत्र पाठ करून घे त्याच्याकडून." मग कळलं, इंटिग्रेटेडची पहिली इन्स्टॉलमेंट आदल्या दिवशीच भरली होती. त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. पन्नास हजार निघालेच. मामा, तुम्हाला कुणी हे दाखवलंच तर, मी तुमचे पैसे बुडवले नाहीत, तुम्ही मला जिथे पाठवलंत तिथे शिकवायची सोय नव्हती एवढंच माझं म्हणणं आहे.

तरीही दोन-तीन गोष्टी मला मान्य करायला हव्यात. क्लासातलं गणित उत्तम होतं. लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह मला जे कळलं ते तिथल्या एका सरांमुळे, डिग्रीतलं अर्धं गणित मी त्यावर काढलं. ९१ पर्सेंटाइलच आले ते क्लासमुळे असं मी घरी सांगते, त्यात माझ्या आळसाचाही वाटा आहे. आयआयटीच हवी असेल तर तिची प्रवेश परीक्षा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड फक्त दोनदा देता येते, तीही लागोपाठच्या वर्षांत, तिथे कुणाचं तरी मार्गदर्शन लागतंच. काही इंटिग्रेटेड कॉलेजं प्रॅक्टिकल्स खरोखर घेतात, एक मी स्वतः पाहिलंय. आणि मामांची थोरली मुलगी अशाच ठिकाणी शिकून आज हिंजवडीत माझ्या तिप्पट पगार घेते. तिला स्क्रू गेज कधीच लागला नाही, हेही खरं.

बायोचं राहिलं. डॉक्टर व्हायचं नक्की नसेल तर गणित कुठल्याही परिस्थितीत सोडू नकोस. इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांना फिजिक्स आणि गणित दोन्ही बारावीला लागतात, दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला जायचं म्हटलं तरी सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, गणित द्यावं लागतं. बायो सुटलं तरी वाट पूर्ण बंद होत नाही, बारावीनंतर जादा विषय म्हणून ते दिलेल्यांनाही नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसता येईल असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ मध्ये जाहीर केलंय. दोन्ही झेपत असतील तर ठेव, माझ्या वर्गातली निम्मी पोरं ठेवतात आणि दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी कुरकुरायला लागतात. चार विषयांची चार जर्नलं होतात. स्वतः भरायची म्हटली तर रविवारची दुपार जाते.